मदत मागणे हा कमीपणा काय?

व्रत घ्यावे एकट्याने आणि निभवावेही एकट्याने. त्यात दुसऱ्याचा हात लागला की व्रताचे तेज कमी झाले, अशी समजूत आपल्यापैकी पुष्कळांची असते. माझीही होती. ती समजूत आमच्या दिंडीतील एका टाळकऱ्याने माझ्या मनातून काढली. तो प्रसंग आधी सांगतो आणि मग त्यातून निघणारा विचार वाचकांपुढे ठेवतो. विषय दिसायला लहान आहे, विडी सोडण्याचा. परंतु लहानशा काट्याने पाऊल अडते आणि पाऊल अडले की वारी अडते, हे वारकऱ्यांस सांगावयास नको.

हे टाळकरी पंचावन्नच्या घरातले, शेतकरी गृहस्थ. आवाज खडा, पावली अशी की नव्या पोरांनी पाहून शिकावी. पण दिवे घाट चढताना ते मागे पडू लागले. अर्ध्या घाटात कठड्यापाशी बसत, खोकत, छातीवर हात ठेवत आणि हसून म्हणत, "व्हा पुढं माउली, आलोच." कारण सर्वांना ठाऊक होते. दिवसाला एक कट्टा विड्या. माळ घालून वीस वर्षे झालेली. मद्य-मांस कधीच सुटलेले. विडी तेवढी सुटत नव्हती. लागोपाठ तीन आषाढीला त्यांनी चंद्रभागेत उभे राहून विडी सोडण्याची शपथ घेतली आणि तिन्ही वेळा ती मोडली.

चौथ्या वर्षी लोणंदच्या मुक्कामात रात्री आम्ही चौघे-पाच जण राहुटीबाहेर बसलो होतो. सामानाच्या ट्रकमागे काडी ओढल्याचा आवाज झाला. मी उठून पाहिले तर हेच. मी जन्मभर शाळेत मास्तरकी केलेला माणूस. बोलण्याची सवय जिभेला. सर्वांना ऐकू जाईल असे म्हणालो, "पांडुरंगाची शपथ मोडायचीच होती तर घेतली कशाला? त्यापेक्षा माळ खुंटीला टांगा." सगळे हसले. मीही हसलो. ते काही बोलले नाहीत. विडी पायाखाली चुरडली आणि अंधारात जाऊन पडले. पहाटे काकड्याला पाहतो तो त्यांची वळकटी नव्हती. त्यांचा टाळ तेवढा दिंडीच्या पेटीत राहिला होता.

पुढली दोन वर्षे ते वारीला आले नाहीत. तिसऱ्या वर्षी त्यांच्या गावाकडे सप्ताहाला जाण्याचा योग आला. मी तो टाळ फडक्यात गुंडाळून बरोबर नेला. मनात धाकधूक होती. पण त्यांनी दारातच पायांवर डोके ठेवले. मीही त्यांच्या पायांवर ठेवले. चहा झाला. विडी दिसेना, म्हणून विचारले. म्हणाले, "चौदा महिने झाले गुरुजी. जिल्ह्याच्या दवाखान्यात खोकल्याला गेलो हुतो. तिथं एक बाई बसत्यात, विडी-तमाखू सोडवायला. त्यांनी रागं भरलं न्हाई. किती ओढता, कवा ओढता, एवढंच इचारलं. चघळायच्या गोळ्या दिल्या. आठवड्याला बोलवायच्या. आन् घरात सूनबाईनं निम्मा भार उचलला. जेवण झालं की माझ्या म्होरं शेंगांचं टोपलं ठेवायची, फोडा म्हणायची. हात रिकामा ऱ्हायला की विडी मागतो ना!"

मी लोणंदच्या रात्रीची क्षमा मागितली. त्यावर ते जे बोलले ते मी विसरू शकत नाही. "त्या राती तुमच्याकडंच येत हुतो, गुरुजी. तीन दिस विडीला शिवलो नव्हतो. जीव नुसता कासावीस. म्हटलं, गुरुजींना सांगावं, जरा बोलत बसा माझ्याशी. पर तुम्ही चारचौघांत बसलेलं. लाज वाटली. मागं फिरलो आन् काडी ओढली. धा मिनिटं कुणी बोलत बसलं असतं तर ती येळ टळली असती."

त्या दिवसापासून एक प्रश्न मनात घर करून आहे. लोणंदला शपथ मोडली ती कोणाची? त्यांची तर मोडलीच. पण दिंडीत घेतलेला माणूस दिंडीने सांभाळावयाचा असतो. तो माझा बोल मी पाळला काय?

आता विचाराकडे वळू. पहिली गोष्ट अशी की, विडी ही केवळ मनाची खोड नव्हे. तंबाखूत निकोटिन नावाचे द्रव्य आहे. झुरका घेतल्यापासून दहा-वीस सेकंदांत ते मेंदूपर्यंत पोचते आणि क्षणभर बरे वाटते. काही तासांत त्याचे प्रमाण उतरते आणि शरीर पुन्हा मागू लागते. वर्षानुवर्षे हे चालले म्हणजे मेंदूला त्याची सवय जडते. मग विडी थांबली की चिडचिड, अस्वस्थता, झोप न लागणे, कशात लक्ष न लागणे, वारंवार भूक लागणे असे त्रास सुरू होतात. पहिले दोन-तीन दिवस सर्वांत कठीण. पुढे दोन ते चार आठवड्यांत त्रास हळूहळू ओसरतो. आणि ध्यानात ठेवण्याची गोष्ट ही की, विडीची जी तलफ येते ती सतत टिकत नाही. लाटेसारखी येते, काही मिनिटे जोर करते आणि ओसरते. आमचे टाळकरी तिसऱ्या दिवशी, लाटेच्या माथ्यावर असताना, दहा मिनिटांची सोबत मागावयास येत होते. डॉक्टर जे सांगतात ते त्यांना स्वतःच्या जिवावरून कळले होते. कळले नव्हते ते मला.

विडी टेंभुर्णीच्या पानाची, साधी, गरिबाची. म्हणून सिगारेटपेक्षा कमी बाधते, असेही कोणी समजू नये. विडी सारखी विझते, म्हणून झुरके अधिक आणि जोराने घ्यावे लागतात. धुरातील विषही त्यामुळे कमी जात नाही. आणि जे ओढत नाहीत पण मळतात, त्यांनी हा लेख आपल्यासाठी नाही असे म्हणू नये. २०१६-१७ च्या देशव्यापी पाहणीत महाराष्ट्रातील प्रौढांपैकी २६.६ टक्के लोक कोणत्या ना कोणत्या रूपाने तंबाखू घेणारे आढळले. त्यांत ओढणारे ३.८ टक्के होते, आणि चंचीतली तंबाखू, मशेरी वगैरे बिनधुराची तंबाखू घेणारे २४.४ टक्के. म्हणजे आपल्याकडे धूर थोडा आणि चुना फार. बंधन एकच आहे, दोर निराळे.

आता आक्षेप पाहू. पहिला आक्षेप भाविकांचा. "नाम असताना दवाखाना कशाला? नामाने जन्ममरणाचा फेरा चुकतो, तेथे विडी ती काय!" हा आक्षेप श्रद्धेचा आहे, म्हणून त्यास आदराने उत्तर दिले पाहिजे. नामाचे सामर्थ्य कोण नाकारील? पण पायात काटा रुतला असता नाम घेत घेतच आपण सुईने तो काढतो. सुई घेतली म्हणून नामावरचा विश्वास उडाला, असे कोणी म्हणत नाही. पालखीबरोबर औषधोपचाराची पथके चालतात. तापात गोळी घेणाऱ्या वारकऱ्यास आपण अश्रद्ध म्हणत नाही. मग जडलेल्या तलफेवर उपाय करणाऱ्यासच का म्हणावे?

आणि संतचरित्रे काय सांगतात? नामदेवरायांएवढे पांडुरंगाशी सलगीचे दुसरे कोण होते? प्रत्यक्ष देव त्यांच्याशी बोले, असे चरित्रकार सांगतात. तरी गोरोबाकाकांच्या परीक्षेत त्यांचे मडके कच्चे निघाले. आणि त्यावर देवानेच त्यांना विसोबा खेचरांकडे धाडले. देवाला ते मडके स्वतः भाजता आले नसते काय? परंतु माणसाचे उणे माणसाच्या हातून भरून यावे, अशी त्याची रीत दिसते. ज्ञानदेव ताटी लावून बसले तेव्हा त्यांना कोणत्या ज्ञानाची उणीव होती? तरी दाराबाहेर उभी राहून विनवणारी धाकटी बहीण लागलीच. ज्यांना आपण माउली म्हणतो त्यांची ताटी जर दुसऱ्याच्या हाकेने उघडली, तर तुम्हा-आम्हाला हाक लागते यात लाज कसली?

दुसरा आक्षेप नीतीचा. "ज्याने तीनदा शपथ मोडली तो ढोंगी नव्हे काय?" मीही त्या रात्री हेच समजलो होतो. पण ढोंगी कोण? जो मोडलेली शपथ अखंड आहे असे मिरवतो, तो. जो मोडली म्हणून अंधारात जाऊन खोकत बसतो आणि पुढल्या आषाढीला पुन्हा घेतो, तो ढोंगी नव्हे. तो पडलेला आहे. पडणे निराळे आणि पडून राहणे निराळे. घाटात पाय घसरला तर त्याला आपण वारीतून काढत नाही, हाताला धरून उठवतो. तंबाखूच्या बाबतीत तर पहिल्याच प्रयत्नात सुटणारे थोडे. बहुतेकांना पुन्हा पुन्हा प्रयत्न करावा लागतो. कोणाच्याही साहाय्यावाचून एका झटक्यात सोडू पाहणाऱ्यांपैकी वर्षभर टिकणारे शंभरात तीन ते पाचच भरतात, असे या विषयाचे अभ्यासक सांगतात. त्या तीन-पाचांचे कौतुक करावे. पण उरलेल्या पंचाण्णवांना नादान म्हणण्याचा अधिकार कोणाला? त्यांना रस्ता माहीत आहे, सोबत नाही, इतकेच.

तिसरा आक्षेप व्यवहारी माणसाचा. "चघळण्याच्या गोळीत निकोटिनच असते म्हणतात. मग एक व्यसन सोडून दुसरे धरले, एवढेच ना?" गोळीत निकोटिन असते, हे खरे. परंतु धुरातील डांबर आणि विषारी वायू तीत नसतो. आणि ती झुरक्यासारखी झटक्याने नव्हे तर सावकाश लागू पडते. ती थोडी चावायची, जिभेला झणझणले की गालात धरून ठेवायची, पुन्हा थोडी चावायची. रस भराभर गिळायचा नाही. चहा-कॉफीनंतर पंधरा मिनिटे तरी ती घेऊ नये, नाहीतर तिचा गुण येत नाही. चहाबाज वारकऱ्यांनी हे विशेष लक्षात ठेवावे. साधारण तीन महिन्यांत ती कमी करीत करीत सोडायची असते. चालावयास लागेपर्यंत काठी टेकतो, तसे हे आहे. मात्र ती डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यावी. गरोदर बायकांनी आणि हृदयविकार असणाऱ्यांनी तर विचारल्यावाचून घेऊच नये. आणि नुसत्या गोळीने काम भागत नाही. गोळी आणि कोणाशी तरी नियमाने बोलणे ही दोन्ही एकत्र असली की यश अधिक येते, असा अनुभव आहे.

चौथी शंका थकलेल्यांची. "आता वय झाले, सोडून काय मिळणार?" इंग्लंडात रिचर्ड डॉल या वैद्यकाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९५१ सालापासून पन्नास वर्षे तेथील डॉक्टरांच्याच आयुष्याचा मागोवा घेतला. २००४ साली त्याचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. जन्मभर सिगारेट ओढणारे न ओढणाऱ्यांपेक्षा सुमारे दहा वर्षे आधी गेले. पण ज्यांनी तिसाव्या वर्षी सोडली त्यांनी ती दहाही वर्षे बहुतांशी वाचवली. चाळिसाव्या वर्षी सोडणाऱ्यांनी नऊ, पन्नासाव्या वर्षी सहा आणि साठाव्या वर्षी सोडणाऱ्यांनीसुद्धा तीन. तीन वर्षे म्हणजे तीन आषाढी आणि तीन कार्तिकी. त्या थोड्या आहेत असे कोणता वारकरी म्हणेल?

आता मूळ मुद्दा. मदत मागावी कशी आणि द्यावी कशी, हे आपल्या संप्रदायाने फार पूर्वीच घालून दिले आहे. आपण फक्त त्याचा अर्थ विडीपर्यंत नेला नाही. माउलींची पालखी संध्याकाळी तळावर येते. दिंड्या रिंगण करून उभ्या राहतात, टाळ-मृदंगाने आभाळ भरून जाते. चोपदार दंड उंच करतात आणि क्षणात सगळे टाळ थांबतात. परंतु ज्या दिंडीला काही गाऱ्हाणे सांगायचे असेल, ती आपला टाळ थांबवत नाही. हजारोंच्या शांततेत तेवढा एक टाळ वाजत राहतो. चोपदार स्वतः तेथे चालत जातात, काय ते ऐकून घेतात, त्याचा निवाडा होतो. हरवले-सापडले सांगितले जाते आणि मग समाजआरती होते. यात कोणी त्या दिंडीला म्हणते काय की, "सगळे गप्प असताना तुम्हीच का वाजवता? लाज नाही वाटत?" उलट, अडचण असून टाळ थांबवणे हीच तेथे चूक ठरेल.

विडीने गांजलेल्या माणसाने असाच टाळ वाजत ठेवावा. आपल्या जवळच्या एकास तरी स्पष्ट सांगावे की, मला सोडायची आहे आणि एकट्याने जमत नाही. हे सांगणे म्हणजे शरण जाणे आहे. आणि शरण जाणे ही आपल्या पंथात पहिली पायरी मानली आहे, शेवटची हार नव्हे. आणि दुसऱ्यांनी चोपदारांसारखे चालत त्याच्याकडे जावे. माझ्यासारखे जागच्या जागी बसून निवाडा देऊ नये.

येथे एक मर्यादा सांगितली पाहिजे. मदत म्हणजे त्याचा संकल्प आपण करणे नव्हे. पताका ज्याची त्यानेच धरावी लागते. ज्याला सोडायचीच नाही त्याच्यामागे लागून, त्याच्या खिशातून कट्टा काढून घेऊन, चारचौघांत मान खाली घालावयास लावून काही साधत नाही. तो फक्त लपून ओढावयास शिकतो. त्याला एवढेच सांगावे की, "माउली, जेव्हा मनात येईल तेव्हा मला हाक मारा." आणि ती हाक आली की उठावे.

आणखी एक कबुली आपण सर्वांनी द्यावयास हवी. विडी लागते तीही संगतीनेच. मुक्कामावर चहा झाला की एक कट्टा पुढे करतो. न घेणाऱ्यास आग्रह होतो. "घ्या हो, दमलात" म्हणून काडीही ओढून दिली जाते. पानसुपारीबरोबर चंची फिरते. आमच्या टाळकऱ्यांनी पहिली विडी कोठे ओढली, असे मी त्यांना विचारले होते. म्हणाले, "दिंडीतच की. सतराव्या वर्षी." जे संगतीने लागले ते सोडविण्याचा भार संगतीवर येत नाही काय?

म्हणून दिंडीचालकांस आणि भजनी मंडळांस विनंती आहे. आपल्यापैकी ज्यास सोडायची असेल त्याने एखादा दिवस ठरवावा. एकादशी ठरवली तर उत्तम. आदल्या रात्री कट्टा, काडेपेटी, चंची, डबी सगळे घराबाहेर काढावे. पहिले तीन दिवस त्याच्याजवळ एक सोबती असावा. जेवणानंतर, चहानंतर, पहाटे उठल्यावर अशा ज्या नेमक्या वेळी तलफ येते त्या वेळी हातात काही काम आणि तोंडात नाम असावे. पाणी प्यावे, चार पावले चालावे, ती दहा मिनिटे काढावी. तळावर त्याच्यापुढे कोणी विडी ओढू नये, आणि आग्रह तर कोणीच करू नये. चुकून एखादी ओढलीच तर दुसऱ्या दिवशी पहाटेपासून पुन्हा सुरुवात. हिशेब विचारू नये. बायकांनी मशेरी सोडू पाहणाऱ्या बाईलाही हीच सोबत द्यावी. तिची तलफ घरात कोणाच्या ध्यानातसुद्धा येत नाही.

गावात सोबती नसेल तर? सरकारने २०१६ साली तंबाखू सोडू इच्छिणाऱ्यांसाठी दूरध्वनीवर बिनखर्ची सल्ला देण्याची सोय केली. क्रमांक १८००-११-२३५६. पुढे २०१८ मध्ये मुंबईच्या टाटा रुग्णालयासह आणखी केंद्रे तिला जोडली गेली. त्याच वर्षापासून हा क्रमांक तंबाखूच्या वेष्टनांवरही छापला जाऊ लागला. म्हणजे ज्या वेष्टनातून विडी काढायची त्यावरच सुटकेचा पत्ता लिहिलेला असतो. आपण तिकडे पाहत नाही, इतकेच. जिल्हा रुग्णालयातही याची चौकशी करावी. तेथे जाण्यात माळेचा अपमान नाही. माळ गळ्यात असताना धुराने जीव गुदमरू देणे, यात तिचा मान कोठे राहतो?

असो. आमचे टाळकरी आता पुन्हा दिंडीत असतात. दिवे घाट एका दमात चढतात असे सांगितले तर ते खोटे होईल. चाळीस वर्षांचा धूर चार दिवसांत जात नाही. अजूनही अर्ध्या घाटात कठड्यापाशी बसतात. फरक एवढाच की, आता मी "व्हा पुढं" ऐकत नाही. शेजारी बसतो. त्यांचा श्वास खाली बसला की दोघे उठतो.

वाचकांनी आज आपल्या दिंडीत, आपल्या घरात एकवार कान देऊन ऐकावे. सगळे शांत असताना कोणाचा टाळ वाजतो आहे काय? वाजत असेल तर उठून तेथवर जावे.

रामकृष्ण हरि.